गुणगुणणारा ज्यूकबॉक्स आणि तिसरी पिन

नाणं फटीतून आत सरकतं. खळ्ळ... खट्ट! दोन बटणं दाबली जातात. काचेमागचा लोखंडी गाडा रुळावरून सरकत नेमक्या रेकॉर्डपाशी थांबतो, तिला उचलतो, सुई टेकते. आजूबाजूची मंडळी मान डोलवायच्या तयारीत, आणि गाण्याऐवजी नुसतंच ‘घूंऽऽऽ’! कधी तर तेही नाही. दिवे झगमगताहेत, रेकॉर्ड फिरतेय, पण आवाजाचा पत्ता नाही. लग्नाला वाजंत्रीवाले आले, गाल फुगवून बसले आणि सनई मात्र मुकी, असा प्रकार!

जुना ज्यूकबॉक्स बाळगणाऱ्याला या दोन तक्रारी कधी ना कधी भेटतातच. त्यांवरचे लोकप्रिय उपायही ठरलेले. आवाज येत नाही? स्पीकर बदला. घरघर थांबत नाही? प्लगची तिसरी, जाड पिन काढून टाका. पहिल्या उपायात पैसे वाया जातात. दुसऱ्या उपायात माणूस जाऊ शकतो. म्हणूनच या यंत्राच्या पोटात नेमकं काय बिनसतं, ते शांतपणे समजून घ्यायला हवं.

नाण्यावर गाणारं यंत्र

२३ नोव्हेंबर १८८९ या दिवशी अमेरिकेतल्या सॅन फ्रान्सिस्को शहरात, ‘पॅले रॉयाल’ नावाच्या मद्यगृहात लुई ग्लास यांनी नाणं टाकल्यावर वाजणारा फोनोग्राफ बसवला. आवाज मोठा करायची सोय त्यात नव्हती. गिऱ्हाइकांनी यंत्राला जोडलेल्या नळ्या कानाला लावायच्या आणि ऐकायचं! विजेवर आवाज वाढवून सगळ्यांना एकदम गाणं ऐकवणारं आणि निवडीचीही सोय असणारं यंत्र ‘एएमआय’ कंपनीने आणलं ते १९२७मध्ये. म्हणजे ज्यूकबॉक्सला खरा गळा दिला तो अ‍ॅम्प्लिफायरने.

पुढचा इतिहास झगमगता आहे. रंगीत नळ्यांतून बुडबुडे सोडणारं वुर्लिट्झरचं ‘१०१५’ हे मॉडेल १९४६मध्ये आलं आणि ५६ हजारांहून अधिक खपलं. शिकागोच्या सीबर्ग कंपनीने १९४८मध्ये ‘एम १०० ए’ काढलं. पन्नास रेकॉर्डच्या दोन्ही बाजू वाजवून शंभर गाण्यांची निवड देणारं. १९५०मध्ये तिनेच ४५ फेऱ्यांच्या छोट्या रेकॉर्ड वाजवणारा पहिला ज्यूकबॉक्स बाजारात आणला. गंमत म्हणजे सीबर्गच्या या यंत्रात रेकॉर्ड आडवी होतच नाही, उभ्या उभ्या वाजते!

आपल्याकडे साठ-सत्तरच्या दशकांत मुंबईतल्या अनेक इराणी हॉटेलांत ही यंत्रं होती. ब्रून-मस्का, पानी कम चाय आणि पावली टाकून आवडतं गाणं. कॉलेजच्या पोरांना आणखी काय हवं? कुलाब्याच्या ‘कॅफे मॉन्डेगार’ची ओळख तर मारिओ मिरांडांच्या भिंतीवरच्या चित्रांइतकीच ज्यूकबॉक्सशीही जोडली गेली. पुढे कॅसेट आल्या आणि बरीच यंत्रं अडगळीत गेली. जी उरली ती आज हौशी संग्राहकांच्या दिवाणखान्यात किंवा एखाद्या कॅफेच्या कोपऱ्यात दिसतात. वर्षानुवर्षं बंद पडलेलं असं यंत्र कुणीतरी हौसेने विकत घेतं, पुसूनपासून लखलखीत करतं आणि प्लग लावतं. गडबड सुरू होते ती तिथून.

आधी जीव, मग गाणं

ज्यूकबॉक्सचा अ‍ॅम्प्लिफायर म्हणजे घरातला रेडिओ नव्हे. गजबजलेल्या हॉलमध्ये, गप्पा आणि कपबशांच्या आवाजावर मात करण्यासाठी तो बनवलेला असतो. पन्नासच्या दशकातल्या सीबर्गमध्ये ६एल६ जातीच्या दणकट व्हॉल्व्हची जोडी हे काम करते. या व्हॉल्व्हना चालायला ३०० ते ४५० व्होल्टपर्यंतचा दाब लागतो. आणि प्लग काढला म्हणजे हा दाब लगेच ओसरतो, असं मुळीच नाही. आतले मोठे कंडेन्सर तो बराच वेळ धरून ठेवतात. हौदाचा नळ बंद केला तरी हौदातलं पाणी कुठे जातं?

म्हणून झाकण उघडण्याआधी प्लग काढायचा, थोडं थांबायचं आणि १० किलोओहमचा, पाच-दहा वॉटचा रेझिस्टर इन्सुलेटेड क्लिपांनी कंडेन्सरच्या टोकांना जोडून साठलेली वीज हळूहळू उतरवायची. स्क्रू-ड्रायव्हर टेकवून ठिणगी पाडण्याची मर्दुमकी करू नये. त्याने कंडेन्सरही दुखावतो आणि हातही. दाब शून्यावर आला की नाही, हे मल्टिमीटरने पाहिल्याशिवाय आत हात घालायचा नाही. चालू यंत्रावर मोजमाप करावंच लागलं तर एक हात खिशात. दोन्ही हात आत असतील तर विजेची वाट छातीतून जाते. ज्याला या कामाची सवय नाही, त्याने चालू यंत्र उघडूच नये. जाणकार मेकॅनिकला बोलवावं.

वर्षानुवर्षं बंद असलेलं यंत्र एकदम पूर्ण विजेवरही घेऊ नये. आपल्या इलेक्ट्रिशियनकडे असतो तो साधा सिरीज बोर्ड इथे देवासारखा धावून येतो. त्यात १०० वॉटचा जुन्या पद्धतीचा, तारेचा बल्ब लावायचा. एलईडी चालत नाही. यंत्र सुरू केल्यावर बल्ब क्षणभर तेजाळून मंदावला तर ठीक. तो भगभगीतच राहिला तर आत कुठेतरी शॉर्ट आहे, लगेच बंद करायचं.

आणखी एक भानगड. अमेरिकन यंत्र चालतं सुमारे ११७ व्होल्ट आणि ६० हर्ट्‌झवर. आपल्याकडे २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्‌झ. व्होल्टचा प्रश्न स्टेपडाऊन ट्रान्सफॉर्मर सोडवतो, हर्ट्‌झचा नाही. मोटरचा वेग ठरवणारा भाग ५० हर्ट्‌झसाठी बदललेला नसेल तर मिनिटाला ४५ फेऱ्यांची रेकॉर्ड साडेसदतीसच फेऱ्या घेते आणि गायक झोपेतून उठल्यासारखा गातो! हा दोष अ‍ॅम्प्लिफायरचा नव्हे. उगाच तिथे शोधत बसू नये.

मुका स्पीकर : खरंच मुका का?

आवाज नाही म्हटल्यावर पहिलं काम हत्यार उचलण्याचं नाही. कान लावण्याचं आहे. स्पीकरच्या जाळीजवळ कान नेला आणि अगदी बारीक का होईना, ‘सूं’ किंवा ‘घूं’ ऐकू आलं तर आनंद माना. स्पीकर जिवंत आहे, त्याला अ‍ॅम्प्लिफायरकडून काहीतरी पोचतंय. दोष त्याच्या मागे, म्हणजे पिकअप, त्याची वायर किंवा पहिल्या व्हॉल्व्हच्या बाजूला आहे.

इथेच ज्यूकबॉक्सचं एक खास वैशिष्ट्य लक्षात ठेवावं लागतं. रेकॉर्ड बदलताना होणारी खडखड ऐकू येऊ नये म्हणून अनेक ज्यूकबॉक्समध्ये तेवढ्यापुरता आवाज दाबून टाकणारी योजना असते. तिला म्यूट म्हणतात. सुई टेकली की म्यूट उठायला हवं. त्याचा स्विच धुळीने किंवा गंजाने अडकला तर गाणं सुरू होऊनही तोंडावरचा हात निघतच नाही. असा कितीतरी धडधाकट स्पीकर विनाकारण भंगारात जाऊ शकतो!

जाळीजवळ अगदीच सामसूम असेल तर मात्र यंत्र ताबडतोब बंद करावं. व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्प्लिफायरला स्पीकर जोडलेला नसेल, किंवा त्याची वायर आत तुटलेली असेल, आणि तरीही आवाजाचं बटण मोठं करत राहिलं, तर आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये प्रचंड दाब तयार होऊन त्याची गुंडाळी जळू शकते. ट्रान्झिस्टरच्या अ‍ॅम्प्लिफायरचं नेमकं उलटं. त्याला स्पीकर नसलेला बहुधा चालतो, पण स्पीकरच्या वायरी एकमेकींना टेकलेल्या खपत नाहीत. नव्या यंत्राची सवय जुन्या यंत्रावर चालवली की असं नुकसान होतं. साठ-सत्तर वर्षांपूर्वीचा तसाच ट्रान्सफॉर्मर मिळवायचा म्हणजे जिकिरीचं काम.

यंत्र बंद करून, कंडेन्सर रिकामे करून, स्पीकरच्या दोन्ही वायरी सुट्या कराव्यात आणि मल्टिमीटरने ओहम मोजावेत. आठ ओहम लिहिलेला स्पीकर मीटरवर साधारण सहा-सात दाखवतो. तो दोष नव्हे, तसंच असतं. मीटर काहीच दाखवत नसेल तर आतली कॉइल किंवा कोनापर्यंत जाणारी विणलेली नाजूक तार तुटलीय. कोन बोटाने किंचित हलवल्यावर आकडा येतो-जातो का, तेही पाहावं. ती विणलेली तार असाच लपंडाव खेळते आणि ती नव्याने जोडणं स्वस्तात होतं.

मीटर नसेल तर दीड व्होल्टचा साधा सेल पुरतो. क्षणभर टेकवला की स्पीकर ‘खट्’ करतो. सेलचं अधिक टोक स्पीकरच्या अधिक टोकाला लावलं असता कोन बाहेर यायला हवा. यंत्रात दोन मोठे स्पीकर असतील तर दोघांचेही कोन एकाच वेळी बाहेर यायला हवेत. कुणी दुरुस्तीत एकाच्या वायरी उलट्या लावल्या असतील तर एक ढकलतो, दुसरा ओढतो आणि ढोलकीचा, बासचा आवाज हवेतच विरतो. सगळे भाग चांगले, तरी गाणं पोकळ लागतं, याचं एक कारण हे असतं.

त्यानंतर कोन दोन्ही अंगठ्यांनी अलगद आत दाबावा. खरखर लागली तर कॉइल चुंबकाला घासतेय. आपल्याकडच्या दमट पावसाळ्यात कागदी कोन फुगतो, वाकतो. उंदीर त्याचा समाचार घेतात ते वेगळंच. कोन बदलून देणारे कारागीर अजून सापडतात, तेव्हा जुना स्पीकर फेकून देऊ नये.

चाळीसच्या दशकातल्या यंत्रांबाबत जादा सावधगिरी हवी. त्या काळच्या अनेक स्पीकरमध्ये कायमचं चुंबक नसे. विजेवर चालणारी मोठी कॉइल, म्हणजे फील्ड कॉइल, चुंबकाचं काम करायची आणि तिला तोच उच्च दाब पुरवला जायचा. ती तुटली तर नुसता स्पीकरच नव्हे, सगळा अ‍ॅम्प्लिफायरच उपाशी राहतो. अशा स्पीकरचा प्लग यंत्र चालू असताना कधीही ओढू नये.

आणि हे सगळं करण्याआधी? आधी प्लग आणि सॉकेट पुसावेत! वर्षानुवर्षांच्या दमट हवेने काळवंडलेल्या पिना हा सगळ्यात साधा आणि सगळ्यात दुर्लक्षित दोष. कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा आणि जुना टूथब्रश एवढ्यावर कितीतरी मुके स्पीकर बोलू लागतात.

‘घूं’ कुठून येतं?

आता दुसरं दुखणं. घरघरीचेही प्रकार असतात आणि ते कानाने ओळखता येतात. आपल्या विजेची चाल सेकंदाला ५० आवर्तनांची. घरघर अगदी खालच्या पट्टीत, तंबोऱ्याच्या खर्जासारखी असेल तर ती ५० हर्ट्‌झची. पिकअपची वायर, तिचं आवरण किंवा ग्राउंडची जोडणी इथे तिचं मूळ सापडतं. घरघर जरा वरच्या पट्टीत, बझरसारखी खरखरीत असेल तर ती १०० हर्ट्‌झची. तिथे बहुतेक वेळा वीजपुरवठ्याचे म्हातारे झालेले कंडेन्सर गुन्हेगार असतात. ते आतून सुकतात आणि विजेतली लाट सपाट करण्याचं काम सोडून देतात.

मग तीन सोप्या चाचण्या. झाकण उघडायचीही गरज नाही.

पहिली : आवाजाचं बटण शून्यावर आणा. घरघर तशीच राहिली तर दोष बटणाच्या पुढे, म्हणजे वीजपुरवठा किंवा शेवटच्या व्हॉल्व्हमध्ये. ती थांबली तर दोष बटणाच्या मागे.

दुसरी : यंत्र बंद करून अ‍ॅम्प्लिफायरमध्ये जाणारा पिकअपचा प्लग काढा, त्या जागी आतली दोन्ही टोकं जोडलेला रिकामा प्लग लावा आणि पुन्हा सुरू करा. घरघर गेली तर अ‍ॅम्प्लिफायर निर्दोष. पिकअप आणि त्याची वायर तपासा.

तिसरी : पिकअप पुन्हा जोडून, काड्यामोड्या न करता फक्त त्याच्या वायरीचा मार्ग बदला. मोटर, ट्यूबलाइटचा चोक, ट्रान्सफॉर्मर या शेजाऱ्यांपासून ती दूर नेल्यावर घरघर कमी झाली तर वायरीचं संगतीने बिघडलंय एवढंच.

पिकअपकडून येणारा संदेश असतो अवघा काही हजारांश व्होल्टचा. म्हणूनच त्या बारीक तारेभोवती विणलेल्या तारेचं आवरण, म्हणजे शील्ड असतं. बाहेरची वीज हे आवरण अंगावर घेतं आणि ग्राउंडमध्ये सोडून देतं. त्याचं ग्राउंडशी नातं तुटलं की तेच आवरण अँटेना होतं. सुईचा हात ज्या बिजागरीत सतत हलतो तिथे ही बारीक तार हमखास तुटते.

याच्या उलट प्रकार आणखी फसवा. आवरण एका टोकाला अ‍ॅम्प्लिफायरच्या चासीला जोडलेलं असतं. कुणीतरी ‘आणखी पक्कं करू’ म्हणून दुसरं टोकही लोखंडी सांगाड्याला जोडतं आणि घरघर वाढते! असं का? घरात दोन घड्याळं असली आणि त्यांत दोन मिनिटांचा फरक पडला की खरी वेळ कुठली, यावर वाद सुरू होतो. ग्राउंड म्हणजे अ‍ॅम्प्लिफायरचं शून्य. ते दोन जागी मोजलं तर दोन शून्यांत किंचित फरक पडतो, त्या फरकामुळे आवरणातून वीज फिरू लागते आणि ती गाण्यात मिसळते. यालाच ग्राउंड लूप म्हणतात. उपाय सरळ आहे : संदेशाच्या तारेचं आवरण एकाच टोकाला, अ‍ॅम्प्लिफायरच्या बाजूला जोडावं. घरात घड्याळ एकच!

तोडायचं ते हे नव्हे

इथेच तो घातक गोंधळ होतो. ‘ग्राउंड तोडल्यावर घरघर जाते’ हे अर्धवट ऐकलं जातं आणि पक्कड चालते ती प्लगच्या तिसऱ्या पिनेवर. घरघर खरोखर थांबतेही! ज्यूकबॉक्स दुसऱ्या एखाद्या अर्थिंग असलेल्या उपकरणाला जोडलेला असेल तर लूप तुटतो आणि शांतता पसरते. मालक खूश. पण त्याने तोडलेला आहे तो संदेशाचा ग्राउंड नव्हे, जिवाचा अर्थिंग.

दोघांचं काम पूर्ण वेगळं आहे. आवरणाचा ग्राउंड गाणं स्वच्छ ठेवतो. अर्थिंगची हिरवी तार रोजच्या गाण्यात काहीच करत नाही. ती वाट पाहते एका वाईट दिवसाची. आतली एखादी वायर कुरतडली जाते, ट्रान्सफॉर्मरचं इन्सुलेशन खचतं आणि फेज लोखंडी अंगाला टेकते. तार जागेवर असेल तर त्या क्षणी मोठा प्रवाह तिच्यातून जमिनीत जातो, फ्यूज किंवा एमसीबी उडतो. काळोख होतो, पण माणसं सुखरूप राहतात. तार नसेल तर काहीच होत नाही. यंत्र तसंच झगमगत राहतं. ओल्या फरशीवर अनवाणी उभं राहून कुणीतरी नाणं टाकायला हात पुढे करीपर्यंत.

जुन्या अमेरिकन यंत्रांत धोका आणखी वाढतो, कारण अनेकांना मुळात दोनच पिनांचा प्लग असे. घरघर कमी व्हावी म्हणून विजेच्या तारेपासून चासीपर्यंत एक कंडेन्सर जोडण्याची तेव्हा पद्धत होती. तो शॉर्ट झाला की चासी थेट फेजवर! परदेशातल्या दुरुस्तीवाल्यांत त्याला ‘मृत्यूचा कंडेन्सर’ असंच नाव पडलंय. तो काढून टाकावा. गरज असेलच तर या जागेसाठी बनवलेला, ‘वाय’ वर्गाचा सुरक्षित कंडेन्सर लावावा. तीन पिनांचा प्लग बसवून हिरवी तार अ‍ॅम्प्लिफायरच्या चासीला आणि कपाटाच्या लोखंडी सांगाड्याला घट्ट बोल्टने जोडावी. खालचा रंग आणि गंज खरवडल्याशिवाय नव्हे.

एवढं करूनही एक जागा राहतेच. स्टेपडाऊन ट्रान्सफॉर्मर! त्यातल्या कित्येकांना ११० व्होल्टच्या बाजूला दोनच भोकांचा सॉकेट असतो. म्हणजे भिंतीतलं अर्थिंग उत्तम, यंत्राची हिरवी तार उत्तम आणि साखळी मधल्या मध्येच तुटलेली! शिवाय स्वस्तातले अनेक स्टेपडाऊन ऑटो-ट्रान्सफॉर्मर असतात. त्यांत घरची वीज आणि यंत्राची वीज वेगळी झालेलीच नसते. तेव्हा घ्यायचाच तर दोन वेगळ्या गुंडाळ्यांचा, तीन पिनांचा ट्रान्सफॉर्मर घ्यावा. आणि भिंतीतलं अर्थिंग खरंच जमिनीपर्यंत पोचतं का, की तिसऱ्या भोकामागे नुसतीच पोकळी आहे, हे परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून मीटर लावून पाहून घ्यावं. ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी असेल तर अधिक चांगलं.

मग दुसऱ्या उपकरणाला जोडल्यावर होणाऱ्या घरघरीचं काय? त्यासाठी आवाजाच्या तारेत बसणारा छोटा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर मिळतो. तो संदेश पलीकडे पोचवतो, दोन शून्यांचं भांडण मात्र तोडतो. अर्थिंगला हात लावायची गरजच उरत नाही.

दुरुस्ती नीट झाली की नाही, हे गाण्यावरून ठरवू नये. गाणं चालू असताना घरघर लपून जाते. एक रेकॉर्ड संपून दुसरी उचलली जाईपर्यंतचे ते काही क्षण ऐकावेत. तेव्हा कपबशांची किणकिण आणि पोरांची कुजबुज ऐकू आली, तर जाणकाराने स्पीकरही नीट तपासलाय आणि ग्राउंडही. त्यानंतर एकदा वाकून प्लगकडे पाहावं. तिन्ही पिना जागेवर असतील, तर घरातल्या लहानग्याच्या हातात खुशाल नाणं द्यावं.